हारामागचा पिवळा दिवा

आमच्या कारखान्यात सुरक्षेचे इतके फलक आहेत की मागच्या भिंतीचा रंग कोणता, हे नव्या माणसाला सांगता यायचं नाही. त्यातले निम्मेअधिक मीच लावलेले. मी तिथे सेफ्टी ऑफिसर आहे. कर्वेनगरहून हडपसरला रोज स्कूटरवर जायचं, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, आणि दिवसभर लोकांना सांगायचं की चष्मा घाला, बूट घाला, हात आत घालू नका. कामगार समोर मला 'मॅडम' म्हणतात आणि पाठीमागे 'नाही-बाई'. हे कळलं तेव्हा मला राग आला नाही. एरवी मी लवकर चिडते, पण माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

आमच्याकडे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. पत्र्याचा तुकडा प्रेसमध्ये ठेवायचा, पायाखालचं पॅडल दाबायचं, वरून साचा खाली येतो, पत्र्याला आकार देतो आणि वर जातो. तयार भाग काढायचा, दुसरा पत्रा ठेवायचा. पाळी संपेपर्यंत हेच. माणसाचा हात सतत साच्याच्या तोंडाशी असतो, म्हणून प्रेसच्या दोन बाजूंना दोन खांब बसवलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारे किरण. हात असो, पत्रा असो, काहीही आड आलं की प्रेस जागच्या जागी थांबते. आमचे लोक त्याला नुसतं 'पडदा' म्हणतात. साचा बदलताना पडदा बंद ठेवावा लागतो, त्यासाठी एक किल्ली असते. किल्ली फिरवली की पडदा बंद, आणि तो बंद आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून प्रेसच्या वरच्या बाजूला, अगदी कपाळावर, पिवळा दिवा लागतो. यंत्राची माहिती एवढी पुरे. पुढचं सगळं माणसांचं आहे.

हे पडदे आणले आमच्या मोठ्या साहेबांनी. ते प्लांटचे प्रमुख, पण सुरुवात त्यांनी याच शॉपमध्ये, म्हणजे प्रेसच्या या विभागात, शिकाऊ म्हणून केलेली. कामगारांच्या मुलांच्या बारशापासून ते कुणाच्या वडिलांच्या दहाव्यापर्यंत सगळीकडे जाणारा माणूस. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑपरेटरची बोटं प्रेसमध्ये गेली, तेव्हा त्याला उचलून गाडीत घालणाऱ्यांत ते होते. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नसत, पण पडद्यांचा खर्च मंजूर करून घ्यायला त्यांनी मुख्य ऑफिसशी किती भांडण केलं, हे मला माहीत आहे, कारण त्या मीटिंगांना मी त्यांच्या शेजारी बसलेली असे. रिसेप्शनला नवा संगमरवर बसवायचा होता. साहेब म्हणाले, "पाहुण्यांना जुन्या फरशीवरून चालू द्या, घसरणार नाहीत." संगमरवर रद्द झाला आणि पडदे आले. मी अशा साहेबांच्या हाताखाली काम करते याचा मला अभिमान होता, आणि तो मी घरीदारी मिरवलाही.

पडदे आले म्हणून लोक लगेच सुधारले असं झालं नाही. माझी प्रशिक्षणं चालू होती आणि लोक मागच्या रांगेत बसून जांभया देत होते. बदल झाला तो वेगळ्याच कारणाने. एकदा साहेब घाईघाईत चष्मा न घालता शॉपमध्ये आले. सगळ्यात जुन्या ऑपरेटरने, जो सहसा कुणाशी बोलत नसे, त्याने प्रेस थांबवली आणि म्हणाला, "साहेब, चष्मा." साहेबांनी कपाळाला हात लावला, "बरोबर आहे तुमचं," म्हणाले, आणि जिना चढून परत वर गेले, चष्मा घालून आले. येऊन त्या माणसाचे आभार मानले. एवढीच गोष्ट, पण ती दोन्ही पाळ्यांमध्ये फिरली, कॅन्टीनमध्ये चवीने सांगितली गेली. त्यानंतर लोक एकमेकांना हटकायला लागले. माझ्या दारापाशी येऊन, अमुक वायर उघडी आहे, तमुक जागी तेल सांडतंय, असं सांगायला लागले. माझ्या इतक्या वर्षांच्या बडबडीने जे झालं नव्हतं ते साहेबांच्या जिन्याच्या एका फेरीने झालं. मला थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू.

आता तिच्याबद्दल, जिची ही गोष्ट आहे. ती यवतमाळकडची. नवऱ्याबरोबर पुण्यात आलेली. तो मार्केट यार्डातून माल वाहणारा टेम्पो चालवायचा, ती आमच्याकडे प्रेसवर. एक मुलगी शाळेत. पुण्यात आल्यावर तिने आपल्या 'मले'चं 'मला' करून घेतलं होतं, आणि कुणी थट्टा केली की म्हणायची, "तुमच्यासाठी बदललं, घरी तेच आहे." मोजकं हसणारी, कामात चोख. खंडेनवमीला शॉपमधली रांगोळी तिची असे. प्रेससमोरच्या काँक्रीटवर ती चिमटीतून रेघ सोडायला बसली की आजूबाजूचे लोक पाय जपून टाकत, नेहमी न टाकणारेसुद्धा.

खंडेनवमी हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा दिवस. दिवाळीला लोक गावाला जातात, पण खंडेनवमीला झाडून सगळे हजर. आधी यंत्रं पुसून लख्ख करायची, मार्केट यार्डातून झेंडूची पोती आणायची, आंब्याची पानं, हळदकुंकू, नारळ. सगळ्यात मोठ्या प्रेसला सगळ्यात मोठा हार. पूजा झाली की साहेब स्वतः पॅडल दाबून पहिला भाग काढणार, तो देवापुढे ठेवणार, मग पेढे. ही प्रथा साहेबांनीच सुरू केलेली होती आणि लोकांना तिचं फार कौतुक होतं. मोठा साहेब वर्षातून एकदा कामगाराच्या जागी उभा राहतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्या वर्षी हार भलताच लांब झाला. टेम्पोवाला आपला माणूस, म्हणजे तिचाच नवरा. त्याने हौसेने जास्तीची फुलं आणली होती. प्रेसच्या माथ्यावरून सोडलेला हार दोन्ही खांबांच्या मधोमध लोंबत होता. पूजा झाली, आरती झाली, साहेबांनी नमस्कार करून पॅडलवर पाय ठेवला आणि प्रेस हलली नाही. परत दाबलं. काही नाही. पडद्याला हात काय आणि झेंडू काय. आड काहीतरी आलंय म्हटल्यावर त्याने आपलं काम केलं होतं.

मी पुढे होऊन म्हटलं, "हार जरा वर घ्या, लगेच चालू होईल." कुणी हार हलवायला तयार होईना. नुकती पूजा झालेला हार, मुहूर्ताची वेळ, त्याला हात लावून अपशकुन कोण ओढवून घेणार? गुरुजी म्हणाले, "आता नका हलवू." यंत्र मुहूर्तालाच बंद पडलं याची कुजबुज मागे सुरू झालेली होती. साहेबांना ती ऐकू गेली असणार. त्यांनी मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनकडे पाहिलं आणि म्हणाले, "किल्ली फिरव रे."

मी म्हटलं, "साहेब, पडदा बंद करून प्रेस चालवायची नाही, हा तुमचाच नियम आहे."

"अहो मॅडम, सणाच्या दिवशी तरी. एक स्ट्रोक मारायचाय. आत हात घालतोय कोण?"

सगळे हसले. साहेबही हसले. इलेक्ट्रिशियनने किल्ली फिरवली, पिवळा दिवा लागला, प्रेस दणक्यात खाली आली आणि टाळ्या पडल्या. मी पेढा न घेता केबिनमध्ये गेले. मला त्या क्षणी मुख्य राग आला होता तो सगळ्यांसमोर हसं झाल्याचा, हेही सांगून टाकते. पुढे काय होईल याची कल्पना मला होती असा आव मी आणणार नाही.

दुपारी मी इलेक्ट्रिशियनला गाठलं आणि माझ्यासमोर किल्ली परत फिरवायला लावली. पडदा चालू, दिवा बंद, मी स्वतः हार जरा बाजूला धरून किरणांमध्ये काठी घालून पाहिली, प्रेस थांबली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, आणि त्यानंतर मला आमच्या चाकणच्या प्लांटवर ऑडिटसाठी जायचं होतं. मी गेले. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्यात, पण ही त्यातली नाही. हे मी स्वतःला पुन्हापुन्हा विचारून घेतलेलं आहे.

नंतर काय झालं ते मला सगळ्यांकडून तुकड्यातुकड्याने कळलं. दसऱ्यानंतर काम सुरू करताना कुणीतरी तो लांब हार वर ओढून प्रेसच्या माथ्याला गुंडाळून बांधला. काढून टाकला नाही. आमच्याकडे हार सुकून आपोआप गळेपर्यंत ठेवतात. सणासुदीच्या गाड्यांचा माल अडलेला होता. दुसऱ्या पाळीत एका ऑपरेटरने म्हटलं, पडद्यामुळे प्रेस सारखी थांबते, वेळ जातो. सुपरवायझर म्हणाला, "मग फिरव की किल्ली. साहेबांनी स्वतः फिरवायला लावली, आपण कोण मोठे?" इलेक्ट्रिशियनने एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा किल्ली देऊन टाकली. कुणी दुष्ट नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी तो नियम पाळला होता कारण साहेब पाळत होते, आणि साहेबांनी तो हसत मोडलेला सगळ्यांनी पाहिला होता.

पाळी संपली तरी किल्ली परत कुणी फिरवली नाही, पिवळा दिवा लागलेलाच होता. पण तो प्रेसच्या कपाळावर आणि त्यावर झेंडूचा गुंडाळलेला हार. पिवळ्यात पिवळं कुणाला दिसणार?

सकाळच्या पाळीला ती त्या प्रेसवर आली. हार वर बांधलेला पाहून पडदा मोकळा आहे, म्हणजे चालू आहे, असं तिला वाटलं. मधेच एक भाग साच्यात अडकला. तिने तो काढायला हात घातला. पडदा बसल्यापासून तिला आणि सगळ्यांना हेच शिकवलेलं होतं, मीच शिकवलेलं, की हात आत गेला तर प्रेस थांबते. पाय पॅडलवर राहिला होता. प्रेस थांबली नाही.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

मी चाकणहून थेट हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा साहेब तिथे आधीपासून बसलेले होते. शर्टावर रक्त तसंच. सर्जन कोण, खोली कुठली, औषधं कुठून, सगळं त्यांनी जातीने पाहिलं होतं, आणि पुढचे कित्येक दिवस पाहिलं. तिच्या मुलीला शाळेतून आणायला स्वतःची गाडी पाठवली. त्यांच्या डोळ्याखाली काळी वर्तुळं आलेली मला दिसत होती. हा माणूस ढोंगी नव्हता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

ती गुंगीतून बाहेर आली तेव्हा आम्ही दोघंही खोलीत होतो. तिने बँडेजकडे पाहिलं, मग साहेबांकडे. पुण्यात कमावलेला 'मला' कुठल्या कुठे गेला होता. "साहेब, चूक माहीच होती ना?"

साहेबांनी तिच्या पलंगाची दांडी धरली. तोंड उघडलं. मी वाट पाहत होते. ते म्हणाले, "आता त्याचा विचार करायचा नाही, ताई. आधी बरं व्हायचं."

तिने मान हलवली. तिला उत्तर मिळालं असं तिला वाटलं, आणि ते उत्तर काय होतं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

चौकशी झाली. आमच्या आतल्या समितीचा निष्कर्ष असा की पडदा बंद स्थितीत आढळला, तो नेमका कुणी बंद केला हे निश्चित सांगता येत नाही, आणि ऑपरेटरने हात घालताना आवश्यक ती दक्षता घेतली नाही. इलेक्ट्रिशियनला मेमो. खंडेनवमीचा उल्लेख नाही. मी सही करायला नकार दिला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"हे तुम्हाला मान्य आहे?"

"मॅडम, मुख्य ऑफिसचा मसुदा आहे तो."

"मी मसुद्याचं विचारत नाहीये. तिला वाटतंय चूक तिची आहे. घरी सासू फोनवर विचारते, लक्ष कुठे होतं तुझं. भाजी चिरायला बसली की नवरा तिच्या हातातून सुरी काढून घेतो. तुम्ही तिचं सगळं केलंत साहेब, सगळं. एक वाक्य तेवढं राहिलंय."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "मी ते बोललो तर काय होईल, माहितीये तुम्हाला?"

"माहितीये."

"मग?"

मी उठले. जाताना दार जरा जोरात आपटलं.

त्यानंतर आमचा सुरक्षा कार्यक्रम जोरात सुरू झाला. नवे फलक, चित्रांची स्पर्धा, कॉलेजच्या मुलांचं पथनाट्य, टोप्यांवर घोषवाक्य. रोज सकाळी रांगेत उभं राहून शपथ घ्यायची, आणि ती साहेब स्वतः द्यायचे. मुख्य ऑफिसचे लोक येऊन बघून गेले, फोटो काढले, शाबासकी दिली. आणि माझ्या दारापाशी येणारी माणसं थांबली. तेल सांडलंय, वायर उघडी आहे, काही नाही. मी सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला, "सगळं छान चाललंय की मॅडम." शपथ मात्र पूर्वी कधी नव्हती इतक्या मोठ्याने म्हटली जायची. शॉपमध्ये फिरले की मला दिसायचं की मी जवळ आले की चष्मे डोळ्यांवर चढतात आणि पाठ फिरली की उतरतात. लोक शिकले होते. चूक झाली तर ती कुणाच्या गळ्यात पडते, हे त्यांनी पाहिलं होतं.

काही महिन्यांनी ती परत कामावर आली. प्रेसवर नाही, तयार भाग तपासायच्या टेबलावर बसवलं तिला. पहिल्याच सकाळी शपथेच्या रांगेत ती शेवटी उभी राहिली. उजवा हात पुढे करायचा असतो. तिने डावा केला. सुपरवायझर सवयीने ओरडला, "उजवा, उजवा." त्याला कोण आहे ते दिसलं नव्हतं. तिने डावा खाली घेतला आणि उजवा पुढे केला.

साहेब समोर माइकवर होते. 'मी कामात निष्काळजीपणा करणार नाही,' असं वाक्य होतं पुढचं. त्यांनी तो हात पाहिला. ते अडखळले, कागदात पाहिलं, आणि वाक्य वाचलं. सगळ्यांनी त्यांच्या मागे म्हटलं. तीही म्हणत होती. मला तिचे ओठ दिसत होते. मला शपथ अर्धवट सोडून निघून जावंसं वाटलं. मी उभी राहिले, कारण ती उभी होती.

त्या दिवशी डबा खाताना ती माझ्याशेजारी येऊन बसली. चमचा डाव्या हातात धरायची सवय अजून झाली नव्हती. म्हणाली, "मॅडम, मी हात घातला तेव्हा दिवा दिसला नव्हता. मी बघितलं होतं वर. पण आता वाटतं, बघितलंच नसेल. सगळे म्हणतात तर नसेलच बघितलं."

मी म्हटलं, "तू बघितलंस. हाराच्या मागे होता तो."

"तुम्ही म्हणता चांगल्यासाठी."

माझं सांगणं तिला सांत्वन वाटत होतं. मी नाही-बाई, मी काहीही म्हटलं तरी माझ्या एकटीच्या म्हणण्याने तिचं काही सुटणार नव्हतं. ते मोठ्या साहेबांच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि सकाळची शपथ सोडली तर साहेब शॉपमध्ये येईनासे झाले होते.

पुन्हा खंडेनवमी आली. पूजा होणार की नाही याची कुजबुज होती, पण पूजा ठरली. रांगोळीच्या जागी कुणीतरी प्लॅस्टिकची चिकटवायची रांगोळी आणून लावली. तिने ती पाहिली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. हार मात्र लांबच होता. गेल्या वर्षीच्याच मापाने करायला सांगितलेला, आणि माप बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यातून आमच्या लोकांचं डोकं कसं चालतं, ते मला आता इतक्या वर्षांनी कळायला लागलंय: ज्या गोष्टीबद्दल बोलायचं नाही असं ठरलेलं असतं, तिला कुणी हातही लावत नाही.

पूजा झाली. आरती झाली. साहेब पुढे झाले, पॅडलवर पाय ठेवला. प्रेस हलली नाही.

कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. सगळे इलेक्ट्रिशियनच्या हातांकडे पाहत होते. त्याने हात पाठीमागे घेतले. साहेबांनी त्याला काही सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

साहेबांनी काही सांगितलं नाही. पायातले बूट काढले, प्रेसला वाकून नमस्कार केला, आणि दोन्ही हातांनी तो हार उतरवला. गुरुजी "अहो, अहो" म्हणेपर्यंत हार टेबलावर नारळाशेजारी ठेवलाही होता. मग ते वळले आणि म्हणाले, "ताई, जरा पुढे या."

ती आली. हात पदराखाली.

साहेबांना माइकवर बोलायची सवय, पण त्या वेळी ते साध्या आवाजात बोलले आणि मागच्यांना ऐकू यावं म्हणून कुणीतरी पंखा बंद केला. "गेल्या वर्षी एवढंच करायचं होतं. मॅडम सांगत होत्या, हार वर घ्या. मी ऐकलं नाही. किल्ली फिरवायला मी सांगितलं. याने फिरवली ती माझ्या सांगण्यावरून, आणि त्यानंतर ज्याने ज्याने फिरवली ती माझं पाहून. ताईंची चूक नव्हती. त्यांनी मला दवाखान्यात विचारलं होतं, तेव्हाच मी हे सांगायला पाहिजे होतं. मला धीर झाला नाही. चौकशीत जे लिहिलंय ते खोटं आहे, आणि तसं मी आजच लेखी देतोय."

एवढं बोलून ते तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. तिला काय करावं कळेना. तिने घाईघाईने हात वर केले, "नको साहेब, नको," आणि तेव्हा सगळ्यांना तो हात दिसला. साहेबांनी त्या वर्षी पहिला स्ट्रोक मारला नाही. जुन्या ऑपरेटरला म्हणाले, "तुम्ही चालवा," आणि जिना चढून वर गेले.

पुढे त्यांची बदली झाली. कुठे तरी कोपऱ्यातल्या एका ऑफिसात, हाताखाली माणसं नसलेल्या हुद्द्यावर. निरोपसमारंभ झाला नाही, पण ते गेले त्या दिवशी लोक गेटपर्यंत चालत गेले होते, पाळी सोडून. नवे साहेब आलेत. ते कसे आहेत ते अजून कळायचंय, आणि शॉप त्यांच्याकडे डोळ्यात तेल घालून पाहतंय. इलेक्ट्रिशियनचा मेमो मागे घेतला गेला. आणि त्या खंडेनवमीनंतर काही दिवसांत दुसऱ्या पाळीचा तोच सुपरवायझर माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, शेवटच्या प्रेसचा पडदा उशिरा थांबतोय. मी बंद ठेवलीय प्रेस. माल राहील." मी फक्त "बरं केलंत" म्हटलं आणि ती प्रेस बघायला त्याच्याबरोबर निघाले.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, साहेब जिना चढून गेल्यावर, लोक पेढे हातात घेऊन तसेच उभे होते. ती माझ्याकडे आली आणि मला ओढतच बाहेर, पार्किंगच्या पत्र्याखाली घेऊन गेली.

"मॅडम, साहेब काय बोलले ते परत सांगा."

"अगं, तुझ्यासमोरच तर बोलले."

"हो, पण मले नीट ऐकूच नाही आलं. कान नुसते भणभणत होते."

मी सांगितलं. तिने ओठ हलवत ऐकलं, पाठ करतात तसं. "परत एकदा." मी परत सांगितलं, हळू. मग तिने डाव्या हाताने फोन काढला, नवऱ्याचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"तूच सांग की त्याला."

"नाही. माह्या तोंडून खोटं वाटंल."

पलीकडे मार्केट यार्डाचा गलका होता, हमालांच्या आरोळ्या, हॉर्न. झेंडूचा दिवस, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसणार. मी कोण बोलतेय ते सांगितलं. तो घाबरला, "काय झालं मॅडम, परत काही झालं का?" मी म्हटलं, तसं काही नाही, आणि साहेबांचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं. चूक तिची नव्हती, इथपर्यंत आले.

ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

मग तो म्हणाला, "मॅडम, एक मिनिट. गाडी बाजूला घेतो."

इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. दार उघडल्याचं, लावल्याचं. गलका जरा दूर गेला.

"हं," तो म्हणाला. "आता परत सांगा. तिलाही ऐकू येऊ द्या."